घरच्या ब्रॉयलर शेडमध्ये सेन्सर, अलार्म, ऑटोमेशन: काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने बसवायचं

ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांच्या) शेडमध्ये 'स्मार्ट' सामानावर केलेला खर्च वाया जातो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आधी चार कॅमेरे येतात, मग मोबाइलवरून पंखा चालू-बंद करायचा स्विच येतो. थर्मामीटर मात्र खांबाला, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला असतो. पिल्लू जमिनीवर तुसात बसलेलं असतं आणि आपण पाच फुटांवरची हवा मोजत असतो.

हा लेख ३ ते ५ हजार पक्ष्यांच्या उघड्या शेडसाठी आहे. दोन्ही बाजूंना जाळी आणि पडदे, वर पत्रा, कंपनीच्या करारावरचे लॉट (एका वेळी वाढवायची पक्ष्यांची तुकडी) आणि राबणारी घरचीच माणसं. पूर्ण बंद ईसी शेडचं (जिथे आतली हवा यंत्रावर राखतात) गणित वेगळं आहे. तिथे वीज गेली की पंखे थांबतात आणि उन्हाळ्यात काही मिनिटांत पक्षी गुदमरायला लागतात. तिथे कंपनीचं कंट्रोल पॅनल आणि आपोआप सुरू होणारा जनरेटरच हवा, खाली दिलेली घरगुती जुळणी नको.

क्रम असा: आधी मोजायचं, मग कळवायचं, मग चालवायचं.

## सामान आणण्याआधीची तयारी

वीज. शेड धुतलं जातं, फॉगर (पाण्याचे बारीक तुषार सोडणारे फवारे) चालतात, तूस ओलं होतं. अशा जागी अर्थिंग नसेल तर बाकी काहीच बसवू नका. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. वायर पीव्हीसी पाइपमधूनच न्या, कारण उघडी वायर उंदीर लॉट संपायच्या आत कुरतडतात. सेन्सरच्या डब्यात वायर वरून घालू नका. ती आधी खाली लोंबू द्या आणि मग तळातून आत न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी वळशातच गळून पडतं.

राउटर आणि सेन्सर यांना लहान १२ व्होल्टचा वेगळा बॅकअप द्या. पंखे आणि दिव्यांच्या इन्व्हर्टरवर ते जोडले, तर इन्व्हर्टर बसला की अलार्मही त्याच्यासोबत बसतो, आणि अलार्म हवा असतो तो नेमका तेव्हाच.

नेटवर्क. घराचं वायफाय शेडपर्यंत पोचतं असं धरून चालू नका. पत्रा आणि कोंबडजाळी दोन्ही सिग्नल अडवतात. मोबाइल घेऊन शेडच्या मधोमध जमिनीलगत बसा आणि रेंज बघा. स्वस्तातली बहुतेक उपकरणं, ईएसपी-३२ हा छोटा वायफाय बोर्ड धरून, फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर चालतात, त्यामुळे राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर ती जोडलीच जाणार नाहीत. सिमवर चालणारं उपकरण घेताना ते टू-जी आहे की फोर-जी हे विचारा. सिम-८०० जातीचं मॉड्यूल टू-जीच आहे आणि जिओला टू-जी नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम घातलं तर ते मुकं राहतं.

माणसं. ही गोष्ट जवळपास सगळ्यांकडून राहून जाते. ॲप असतं पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या फोनवर आणि शेडवर असते आई, साधा बटणाचा फोन घेऊन. पहाटे तीनला मुलाला नोटिफिकेशन येतं, तो झोपलेला असतो. अलार्म कुणाला वाजणार, त्याने नाही उचलला तर दुसरा कोण आणि शेडवर चालत दोन मिनिटांत कोण पोचू शकतं, हे सामान घेण्याआधी घरात बसून ठरवा.

> सावधान: सेन्सर बसवणारा माणूस दिवसाला दोन-चार फार्म फिरतो. त्याची चप्पल, शिडी आणि पक्कड यांच्यावरून रोगही फिरतो. बसवायचं काम लॉट उठल्यावर, शेड रिकामं असतानाच करून घ्या. मध्येच यावं लागलं तर तुमची चप्पल द्या आणि अवजारं जंतुनाशकाने पुसून घ्या.

## टप्पा १: तापमान आणि आर्द्रता, पक्ष्याच्या उंचीवर

दोन प्रकारचे सेन्सर घ्या. तापमानासाठी स्टीलच्या नळीतला, पाण्याने न बिघडणारा डीएस-१८बी-२० आणि आर्द्रतेसाठी डीएचटी-२२ किंवा त्याहून चांगला एसएचटी-३१. डीएचटी-११ स्वस्त असतो, पण त्याची चूक दोन अंशांपर्यंत जाते, आणि ब्रूडिंगमध्ये (पिल्लांना ऊब द्यायच्या सुरुवातीच्या दिवसांत) दोन अंश म्हणजे पिल्लं पांगलेली की गोळा झालेली एवढा फरक.

बसवण्याआधी तपासणी:

1. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एका पेल्यात घट्ट भरा. स्टीलचा प्रोब त्यात बुडवून पाच मिनिटं हलवत राहा. शून्याच्या अर्ध्या अंशात आकडा आला पाहिजे. जास्त फरक असेल तर तो प्रोबवर मार्करने लिहा आणि ॲपमध्ये दुरुस्ती घाला.
2. आर्द्रतेसाठी बाटलीच्या झाकणात घरचं मीठ घ्या आणि ओलसर लगदा होईल एवढंच पाणी घाला. झाकण आणि सेन्सर एका घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवा, लगदा सेन्सरला लागू देऊ नका. सकाळी आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास हवा. ८५ किंवा ६५ दाखवत असेल तर तो सेन्सर परत करा.

जागा: शेडच्या दोन्ही टोकांना एकेक आणि मध्ये एक. पडद्यालगत नको, दाराच्या झोतात नको, बल्बखाली नको. ब्रूडिंगच्या दिवसांत चिक गार्डच्या (पिल्लांभोवतीच्या कुंपणाच्या) आत, ब्रूडरच्या (ऊब देणाऱ्या साधनाच्या) कडेला लावा. बरोबर मध्याखाली लावला तर आकडा फुगलेला दिसेल.

उंची पिल्लाच्या पाठीएवढी ठेवा. पहिल्या आठवड्यात तुसाच्या वर चार बोटं, पुढे पक्षी वाढेल तशी वीतभर. सेन्सर दोरीवर टांगा आणि दर आठवड्याला गाठ वर सरकवा. भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घातला तर चोची मारत नाहीत आणि हवाही खेळते.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३४ अंश, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. आर्द्रता ५० ते ७० टक्के. पण आकडा बरोबर दिसला म्हणून काम झालं असं नाही. पिल्लं उतरवल्यावर रात्री दहा-वीस पिल्लं हातात घ्या आणि गळ्याखालची खाद्याची पिशवी बोटांनी हलकेच चाचपा. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. चोवीस तासांनंतर शंभरातली ९५ पिल्लं अशी भरलेली हवीत. कडक लागली तर पिल्लांनी खाद्य खाल्लंय पण पाणी प्यायलेलं नाही. रिकामी लागली तर थंडी, अंधार किंवा लांबचे फीडर यांतलं काहीतरी आहे. हे कुठलाही सेन्सर सांगत नाही.

> सावधान: थंडीत तापमान राखायला पडदे गच्च बंद करून आत कोळशाची शेगडी पेटवतात. सेन्सर ३३ दाखवतो, सगळं छान वाटतं आणि आत धूर नि कार्बन मोनॉक्साइड साचत जातो. पडद्याची वरची वीतभर फट कायम उघडी ठेवा आणि उष्णता कमी पडली तर ब्रूडर वाढवा.

## टप्पा २: पाण्याचा मीटर

मला विचाराल तर एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या. पक्षी आजारी पडायच्या बेतात असला की आधी पाणी बदलतं, मग खाद्य कमी होतं आणि मरतुक त्यानंतर दिसते. मरतुकीच्या आकड्याची वाट बघणारा तेवढा उशिरा जागा होतो.

पल्स देणारा (ठरावीक पाणी गेलं की वायरवरून ठोका पाठवणारा) पाण्याचा मीटर टाकीतून शेडकडे येणाऱ्या मुख्य पाइपवर, फिल्टरनंतर बसवा. फिल्टरआधी बसवला तर बोअरची रेती त्याची चकती अडवते. निपल लाइनला (चोचीने दाबून प्यायच्या तोट्यांच्या पाइपला) पाणी धिम्या गतीने लागतं, म्हणून कमी प्रवाहावरही फिरणारा मीटर मागा. घरगुती नळाचे काही मीटर रात्रीचा बारीक प्रवाह मोजतच नाहीत. लाइन धुवायला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा, म्हणजे फ्लशिंगचं पाणी हिशेबात येत नाही.

रोज एकाच वेळी, समजा सकाळी सहाला, मीटरच्या तोंडावरचा आकडा आणि ॲपमधला आकडा दोन्ही वहीत लिहा. दोन्ही जुळत नसतील तर पल्सची वायर सैल आहे.

थंड दिवसात पक्षी खाद्याच्या साधारण पावणेदोन ते दुप्पट पाणी पितो. उन्हाळ्यात हे प्रमाण पुष्कळ वाढतं, म्हणून प्रमाणावर अडून बसण्यापेक्षा कालचा आणि आजचा आकडा ताडून बघा. समजा चार हजार पक्ष्यांनी काल ९२० लिटर पाणी प्यायलं आणि आज ७८०. म्हणजे १५ टक्क्यांची घट, आणि वाढत्या पक्ष्यात घट होण्याचं कारणच नसतं. अशा वेळी या क्रमाने बघा:

1. मीटर फिरतोय का? टाकीत पाणी आहे का?
2. निपलमधून पाणी येतंय का? लाइनच्या शेवटच्या टोकाचे निपल बोटाने दाबा. हवा अडकली की पहिलं कोरडं पडतं ते टोक.
3. पाणी कोमट झालंय का? दुपारी उन्हातल्या काळ्या टाकीचं पाणी हाताला लागतं तसंच चोचीला लागतं.
4. कालपासून पाण्यात नवीन औषध सुरू केलंय का?
5. हे चारही ठीक असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना किंवा सुपरवायझरला फोन करा.

आकडा अचानक वाढला तर आधी गळती शोधा. गळणाऱ्या निपलखालचं तूस मुठीत दाबा. हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तिथे अमोनिया आणि कॉक्सी (आतड्याचा रोग) दोन्ही तयार होतायत.

लसीच्या दिवशी हा आकडा ग्राह्य धरू नका. लासोटा किंवा गंबोरोची लस पाण्यातून देताना पक्षी दीड-दोन तास तहानलेले ठेवतो, त्यामुळे आधी शून्य आणि मग एकदम उसळी दिसते. वहीत त्या तारखेपुढे 'लस' लिहा. पाण्यात क्लोरीन टाकणारा आपोआप चालणारा पंप असेल तर तो लसीच्या आदल्या दिवशीच बंद करा. लस मेली तर ॲपमध्ये कुठेही लाल खूण दिसत नाही.

## टप्पा ३: अलार्म

पाचच अलार्म लावा.

1. वीज गेली.
2. तापमान हद्दीच्या वर गेलं.
3. तापमान हद्दीच्या खाली गेलं (फक्त ब्रूडिंगमध्ये).
4. दिवे चालू असताना दोन तास पाण्याचा प्रवाह शून्य, किंवा अंधाराच्या वेळी सलग प्रवाह.
5. उपकरणच गप्प झालं.

पाचवा कुणीच लावत नाही. सेन्सर बंद पडला की ॲपवर शेवटचा आकडा तसाच राहतो, ३२.४, हिरव्या रंगात. वीस मिनिटं नवी नोंद आली नाही तर फोन वाजला पाहिजे, आणि हा निरोप शेडमधल्या उपकरणाने नव्हे, पलीकडच्या सर्व्हरने पाठवला पाहिजे. विक्रेत्याला हा प्रश्न नेमका विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा विक्रेता बघा.

अलार्म मेसेजने नको, कॉलने हवा. व्हॉट्सॲपच्या ढिगाऱ्यात मेसेज हरवतो. जोडीला घराच्या भिंतीवर बॅटरीवरचा भोंगा लावा. वायर थेट शेडमधून आणा, नेटवर अवलंबून ठेवू नका. बटणाच्या फोनवाल्या आईला तोच उठवणार आहे.

हद्दी वयाप्रमाणे बदला. पाचव्या दिवशी ३० अंशाला खालची घंटा वाजायला हवी आणि तिसाव्या दिवशी त्याच ३० वर वरची घंटा लावायचा मोह होईल. मे महिन्यात मराठवाड्यातल्या उघड्या शेडमध्ये दुपारभर ३८ असतं, मग घंटा दुपारभर वाजते आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिची वायर काढून ठेवतं. म्हणून उन्हाळ्यात घंटा कामाला जोडा: ३३ ला पंखे आणि पत्र्यावरचे स्प्रिंकलर, ३७ ला घरातल्या सगळ्यांनी शेडवर. आकडा सलग पाच मिनिटं टिकला तरच वाजेल अशी सोय ठेवा.

> तपासणी: दर रविवारी मेनचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा आणि किती सेकंदांत कोणाचा फोन वाजतो ते बघा. प्रोब गरम पाण्याच्या पेल्यात बुडवून दुसरा अलार्म तपासा. सिमच्या रिचार्जची शेवटची तारीख शेडच्या दारावर खडूने लिहा. मुदत संपलेलं सिम हे अलार्म न वाजण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

## टप्पा ४: एक लॉट नुसता बघायचा

इथे लोकांचा धीर सुटतो. मोजणी आणि अलार्म लागले की पंखेही जोडून टाकावेसे वाटतात. एक पूर्ण लॉट थांबा. तुमच्या शेडचं पूर्वेचं टोक किती वाजता तापतं, पडदे पाडल्यावर तापमान उतरायला किती वेळ लागतो, पहाटे कुठल्या कोपऱ्यात थंडी शिरते, हे त्या लॉटमध्ये कळतं. पुढची सगळी सेटिंग त्यावर ठरते.

या काळात गूगल शीटमध्ये रोज सातच रकाने भरा: तारीख, वय, मरतुक, खाद्याच्या गोण्या, पाणी, पहाटेचं सर्वात कमी आणि दुपारचं सर्वात जास्त तापमान. आठवड्याला एकदा शेडच्या वेगवेगळ्या भागांतून पक्षी पकडून वजन घ्या. दाराजवळचेच पक्षी पकडले तर वजन चुकतं, कारण हाती लागतात ते मंद पक्षी.

कंपनीचा सुपरवायझर त्याच्या ॲपमध्ये नोंद करतोच, तरी स्वतःची ठेवा. एफसीआर (एक किलो वजनामागे लागलेलं खाद्य) काढायला गणित लागत नाही. ३,००० पिल्लं आली, २,८८० पक्षी सरासरी २.१ किलोने गेले, म्हणजे ६,०४८ किलो. खाद्य लागलं ९,७०० किलो. ९,७०० भागिले ६,०४८ म्हणजे १.६०. लिफ्टिंगच्या (कंपनी पक्षी उचलते त्या वेळच्या) हिशेबात वेगळा आकडा आला तर बोलायला हातात कागद असतो.

## टप्पा ५: पंखे आणि फॉगर आपोआप

जोडणी. ऑनलाइन मिळणाऱ्या निळ्या रिले बोर्डवर १० अँपिअर लिहिलेलं असतं. ते दिव्यासाठी ठीक आहे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते आणि रिलेचे संपर्क चिकटतात. मग पंखा बंदच होत नाही, किंवा चालूच होत नाही. रिलेने फक्त कॉन्टॅक्टर (मोटरचा जड करंट सोसणारा स्विच) ओढायचा आणि कॉन्टॅक्टरने पंखा. सोबत ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा). हे काम वायरमनचंच आहे.

बिघाडाची दिशा. कंट्रोलर मेला तर पंखा चालूच राहिला पाहिजे अशी जोडणी मागा. वायरमनला 'नॉर्मली क्लोज्ड' म्हटलं की कळतं. शिवाय ३५ अंशावर लावलेला साधा यांत्रिक थर्मोस्टॅट समांतर ठेवा. त्याला ना नेट लागतं ना ॲप. प्रत्येक पंख्याला 'हाताने–बंद–आपोआप' असा तीन जागांचा स्विच हवाच. बिहारहून आलेला कामगार असो की शेजारचे काका, ॲप न उघडता पंखा लावता आला पाहिजे.

सेटिंग. चालू आणि बंद यांत दीड-दोन अंशांचं अंतर ठेवा. समजा मोठ्या पक्ष्यांना २९ ला चालू, २७ ला बंद. दोन्ही आकडे एकच ठेवले तर कॉन्टॅक्टर दिवसभर कटकट करत राहतो आणि लवकर जळतो.

फॉगर. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण फॉगर फक्त तापमानावर लावतात. पाण्याची वाफ होते म्हणून हवा गार होते आणि हवेत आधीच ओल असेल तर वाफ होत नाही. नागपूरच्या मे महिन्यात ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला फॉगर चार-पाच अंश सहज उतरवतो. चिपळूणला जूनच्या तोंडावर ३४ अंश आणि ७५ टक्के असताना तो फार तर दोन अंश उतरवेल आणि तूस मात्र भिजवेल. त्यामुळे आधीच धापा टाकणारा पक्षी आणखी अडचणीत येतो. म्हणून अटी दोन्ही घाला: तापमान ३३ च्या वर आणि आर्द्रता ७० च्या खाली. एक-दीड मिनिट चालू, दहा मिनिटं बंद. पंखा बंद असेल तर फॉगर सुरूच होऊ नये. पिल्लं लहान असताना फॉगरचा एमसीबीच खाली ठेवा.

पडदे हातानेच राहू द्या. मोटरचे पडदे मिळतात, पण वादळी वाऱ्यात अडकलेला पडदा हाताला कळतो, मोटरला कळत नाही.

## टप्पा ६: जे नंतर घेतलं तरी चालेल

कॅमेरा एकच, उंचावर, रात्री दिसणारा. त्यात पक्ष्यांची पांगापांग बघायची. ब्रूडरखाली गोळा झाली तर थंडी, भिंतीलगत पसरली तर गरम, सगळी एका बाजूला तर कुठून तरी झोत येतोय.

आपोआप वजन घेणारा काटा शेवटच्या दोन आठवड्यांत कमी वजन दाखवतो. जड नर त्यावर चढायचे बंद होतात आणि हलके पक्षीच उड्या मारत राहतात. लिफ्टिंगची तारीख त्यावर ठरवू नका.

अमोनिया सेन्सर. एमक्यू-१३५ हा अमोनिया, धूर आणि अल्कोहोलची वाफ सगळ्यालाच दाद देतो. फार्मवर त्याचा आकडा विश्वासाचा नाही. अमोनिया २० पीपीएमच्या आत हवा. तुमचं नाक शेडमध्ये राहून सरावलेलं असतं, म्हणून सकाळी बाहेरून येणाऱ्या माणसाला गुडघ्यावर बसवून वास घ्यायला सांगा. डोळे चुरचुरले तर हद्द ओलांडली आहे.

## टप्पा ७: लॉट उठल्यावर

फ्लेमगन, फॉर्मलिनची धुरी आणि चुना यांच्याआधी सगळे सेन्सर काढून घरात आणा. स्टीलचे प्रोब स्पिरिटने पुसा. आर्द्रतेच्या सेन्सरवर काहीही फवारू नका, मऊ ब्रशने धूळ आणि पिसांचा भुसा झाडा. बर्फ आणि मीठ या दोन्ही तपासण्या पुन्हा करा. धुळीत दीड महिना राहिलेला आर्द्रता-सेन्सर पाच-दहा टक्के सरकलेला सापडतो. मीटरची जाळी धुवा, बॅकअपची बॅटरी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघा आणि ॲपमधलं वय शून्यावर आणा. हे राहिलं तर एक दिवसाच्या पिल्लांना चाळीस दिवसांच्या पक्ष्याच्या हद्दी लागतात.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी तूस पसरून, पडदे लावून ब्रूडर पेटवा आणि सेन्सर सुरू करा. सकाळी उठून रात्रीचा आलेख उघडा. पहाटे तीन ते पाचमधला आकडा ३२ च्या खाली गेला असेल तर ब्रूडर वाढवा, किंवा आतून दुसरा पडदा लावून ब्रूडिंगची जागा लहान करा. गाडी यायच्या आत तेवढा वेळ मिळतो.